माझदा १३बीला गिअरबॉक्स: कपलिंग कडक की रबरी?

पंखाधर: दोन रोटरचं १३बी (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं माझदाचं इंजिन), घरी बांधलेलं दोन सीटचं विमान, १.८ मीटरचा पंखा. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टमध्ये थेट स्प्लाइन (दात पाडलेली कडक जोडणी) घालू की रबरी डॅम्पर (धक्के गिळणारी जोडणी)? रेशो (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या) २.१७ घ्यावा की २.८५?

दातेरी: २.८५. या इंजिनाची खरी ताकद ७००० आरपीएमच्या आसपास. २.१७ ला तेव्हा पंखा ३२२५ वर जातो, पात्याचं टोक ३०४ मी/से. त्यात विमानाचा वेग मिळवला की आवाजाचा वेग जवळ येतो. नुसता गोंगाट, ओढ कमी. २.८५ ला टोक २३१ वर राहतं.

थेट स्प्लाइन नको. दोन रोटर म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन धक्के. पंख्याचं जडत्व इंजिनाच्या बाजूने मोजताना रेशोच्या वर्गाने भागायचं. समजा पंखा ०.५ किग्रॅ-मी², म्हणजे इकडून ०.०६२; इंजिन फ्लायव्हीलसह ०.१ धरा. डॅम्परचा पिळातला कडकपणा १३५० न्यूटन-मीटर प्रति रेडियन असेल तर अनुनाद ३० हर्ट्झला, म्हणजे फेरीला दोन धक्के धरून ९०० आरपीएमला. त्याच्या १.४ पटीच्या वर, साधारण १२७० नंतर, धक्के गिळले जातात. आयडल १६०० ठेवा. कडक जोडणीत हाच अनुनाद चालत्या वेगात येतो आणि स्प्लाइनचे दात खातो. आकडे तुमच्या पंख्याचे घालून पुन्हा काढा. धातूच्या पंख्याचं जडत्व लाकडीपेक्षा बरंच जास्त.

शिमवाला: हिशोब बरोबर, पण घात बहुधा जुळणीत होतो. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं आवरण) भोकात डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळी माप) फिरवा. एकूण फरक ०.१ मिमीच्या आत आला की मगच डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) ठोका. इनपुट शाफ्ट पुढेमागे १.५ ते २ मिमी मोकळा हवा. तो तळाला टेकला तर इंजिनाच्या थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टची पुढेमागे ढकल पेलणारं) दाब येतो. तिथली मोकळीक ०.०४ ते ०.०७ मिमीच असते. गिअरबॉक्स चढवण्याआधी आणि नंतर दोन्हीदा मोजा. फरक पडला तर काहीतरी ढकलतंय. पंख्याची ओढ गिअरबॉक्सच्याच बेअरिंगने पेलायची.

आणि मूळ फ्लायव्हील काढून पातळ प्लेट लावणार असाल तर मागचं काउंटरवेट (तोल राखणारं वजन) विसरू नका. मॅन्युअल गाडीच्या फ्लायव्हीलमध्ये ते अंगचंच असतं, ऑटोमॅटिकमध्ये वेगळं येतं.

पंखाधर: पंखा उजवा लागेल की डावा?

दातेरी: बाहेरची दातेरी रिंग स्थिर असलेल्या प्लॅनेटरीत (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारी पेटी) दिशा बदलत नाही. फ्लायव्हीलची बाजू नाकाकडे असेल तर कॉकपिटमधून पंखा घड्याळाच्या दिशेने फिरेल, म्हणजे नेहमीचाच. दोन बाह्य गिअरांच्या पेटीत मात्र उलटा होतो.