मदत हवी आहे: ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला बाबांना न्यायचंय, भरतीची वेळ कशी काढायची?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय.

माझे बाबा ७९ वर्षांचे आहेत, लहानपण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात गेलं, आजोबांची होडी होती. आम्ही मात्र डोंबिवलीत बिल्डिंगमध्ये वाढलो त्यामुळे खाडी म्हणजे ट्रेनच्या खिडकीतून दिसते तेवढीच. त्याच ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला, हे बाबांना पेपरात वाचून दाखवलं तेव्हापासून एकदा बघायची म्हणतायत.

म्हणून गेल्या महिन्यात त्यांना काही न सांगता गाडी करून ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात घेऊन गेलो. रविवार, दुपारचे बारा. आणि खाडीला पूर्ण ओहोटी! बोटीच्या फेऱ्या भरतीवर ठरतात हे मी बघितलंच नव्हतं, फ्लेमिंगो पार लांब चिखलात, गुलाबी रेघ ओढल्यासारखे. बाबा काही बोलले नाहीत, तिवरांच्या कडेला काठी टेकून उभे राहिले. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली, त्यांच्यामधून निवट्या (चिखलातले छोटे मासे) टुणटुण उड्या मारत होत्या आणि एक नांगी मोठी असलेले ते छोटे खेकडे. अर्धा तास ते तेच बघत होते. मला मात्र फार वाईट वाटलं, एवढ्या लांब आणून पक्षी दाखवता आले नाहीत.

आता परत जायचंय, फेब्रुवारीत. तर
१) सकाळी ऊन चढायच्या आत भरती असेल असा दिवस आधीच कसा ओळखायचा?
२) बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात पण पायऱ्या जड जातात. वयस्कर माणसाला बोटीत चढवायचा कोणाला अनुभव आहे का?
३) बोट नाहीच जमली तर काठावरून जवळून दिसतील अशी जागा?

*प्रतिसाद १*
ताई, मी उरणचा. आमच्याकडे सोपा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येतील साधारण तेवढ्या वाजता भरती, सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तुम्ही गेलात तेव्हा अष्टमीच्या आसपासचा दिवस असणार, त्या दिवसांत दुपारी बाराला पाणी तळाला असतं. हा हिशोब ढोबळ आहे हां, खाडीत आत पाणी चढायला अजून वेळ लागतो, त्यामुळे भरती-ओहोटीचा तक्ता बघून आणि केंद्रात फोन करूनच निघा. बोटीत चढायचं कसं तेही फोनवरच स्पष्ट विचारा, गुडघ्याचं सांगा, तिथे जाऊन बघू असं करू नका.

*प्रतिसाद २*
तिसऱ्या प्रश्नाचं सांगते, मी नेरूळला राहते. भरतीत खाडीतला चिखल बुडला की त्यांना उभं राहायला जागा राहत नाही, मग ते आमच्या इथल्या नेरूळ-सीवूड्सच्या तलावांवर येऊन थांबतात. म्हणजे बोटीला लागते तीच भरतीची वेळ. रोज येतीलच असं नाही, पण येतात तेव्हा काठावर फोल्डिंगची खुर्ची टाकून आजोबा आरामात बघू शकतील, बोटीची दगदग नाही. फक्त फार जवळ जाऊ नका, आणि कोणी उडवायला टाळ्या वाजवत असेल तर हक्काने थांबवा. जमली तर दुर्बीण आणा, चोच उलटी पाण्यात घालून शेवाळ गाळून खातात ते बघण्यासारखं असतं, त्या शेवाळामुळेच तर तो गुलाबी रंग.

*धागाकर्ती*
दोघांचे मनापासून आभार! आधी नेरूळ करतो, बोटीचं केंद्रात विचारून ठरवते. दादा, तुमचा हिशोब बाबांना वाचून दाखवला तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी म्हणाले, "बारशीला नऊ. आमच्या चेंदणीत नवाचे दहा होतात." मी कॅलेंडर आणलं तर म्हणे एकादशीला सव्वाआठची भरती आहे पण उपास असतो, दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन निघू. त्या दिवशी चिखल बघून कळलं होतं तर बोलला का नाहीत विचारलं, तर म्हणाले, "तू एवढ्या हौशीनं आणलं होतंस गं."

बारस धरून सुट्टी टाकलीय.