थेट विचारा, काही बिघडत नाही

वर एका ताईंनी लिहिलंय, आत्महत्येबद्दल पेशंटला थेट विचारू नये, नसलेलं डोक्यात शिरतं. नाही हो, विचारल्याने ते रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आमच्या धुळ्याकडच्या वॉर्डात एक कापूसवाले काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवण, झोप नंतर बघू म्हटलं. आधी उशाचा गमछा हलवला (त्यानेही जिवाचं बरंवाईट करता येतं), स्टूल ओढून बसले.

"काका, जीव देवाना इचार येस का?"

बराच वेळ गप्प. मीही गप्प. मग, "फवारानी बाटली गोठामा ठेयेल शे." (फवारणीच्या विषारी औषधाची बाटली गोठ्यात ठेवलीय.)

"असं बोलू नका, होईल सगळं ठीक" म्हटलं असतं, तर बाटली कळलीच नसती. लगेच डॉक्टरांना सांगितलं, मुलाला फोन करून बाटली हलवली. काका घरी जाताना टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर मुलाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला.