मदत हवी आहे: बोलोन्या ते वॉर्सा प्रवास, संपत आलेला व्हिसा आणि आजीचा एक शब्द

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. सप्टेंबरपासून इटलीत बोलोन्याला शिकते आहे, विषय जुन्या वास्तूंचं जतन. दोन गोष्टींत मदत हवी आहे. एक कागदपत्रांची, दुसरी आजीची. दोन्ही एकाच प्रवासात अडकल्यात, म्हणून वेगळे धागे काढत नाही.

आधी कागदपत्रं. माझा डी व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, १० जानेवारीला संपतो. इथे पोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांच्या आत पोस्टातून राहण्याच्या परवान्याचा अर्ज केला, त्याची पावती जवळ आहे. बोटांचे ठसे द्यायची तारीख जानेवारीअखेरची, म्हणजे कार्ड हातात पडायला अजून बराच अवकाश आहे. परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला संपते आणि मग नऊ दिवस मोकळे मिळतात. रात्रीच्या गाडीने व्हिएन्ना, तिथून क्राकुव्ह आणि शेवटी वॉर्सा असं मनात आहे. वर्गातली मुलं म्हणतात, गाडीत पासपोर्ट कोण बघतंय, जा बिनधास्त. पण ती इथलीच, त्यांना कोण अडवणार? नुसत्या पावतीवर मला इटलीबाहेर जाता येईल का?

आता आजी. तिचं माहेर वळिवड्याजवळचं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते ४८ या काळात, वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. ती गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर वसलं. आपण कापड घ्यायला जातो ते. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. पणजोबा छावणीत दूध घालायचे आणि ही किटली धरून मागे मागे. ती सांगते, माप ओतून झालं की एक बाई दरवेळी हिच्या गालाला हात लावून म्हणायची, "जिंकूया." आजीची समजूत अशी की युद्ध चालू होतं, घरातले पुरुष लढाईवर होते, म्हणून ती बाई आपलं मराठी शिकून तसं म्हणत असेल. मला लहानपणी शाळेत सोडताना आजी हेच म्हणायची.

आजी आता ८८ वर्षांची आहे. वॉर्साला वळिवड्याच्या छावणीची आठवण म्हणून फलक लावलाय, हे तिला कळल्यापासून रोज विचारते, कधी जाणार? मला तिला तिथला फोटो पाठवायचाय. तो फलक नेमका कुठे आहे, आणि फेब्रुवारीत जाणं जमणार नसेल तर दुसरा काही मार्ग आहे का, कृपया सांगा.

जाता जाता फ्लोरेन्सबद्दलही विचारते. छत्रपती राजाराम महाराजांची छत्री तिथे आहे, ती इथून एका दिवसात बघून परत येता येईल का?

प्रतिसाद

फेब्रुवारीत पावतीवर जाऊ नकोस. मी इटलीत चार वर्षं काढली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. ती पावती इटलीपुरती चालते. तिच्या जोरावर भारतात थेट जाऊन परत येता येतं, पण वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात (आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) विमान बदलायचं नाही. ऑस्ट्रिया किंवा पोलंडच्या लेखी तिला किंमत नाही. गाडीत रोज तपासणी नसते हे खरं. पण झाली, तर तुझ्या पुढच्या सगळ्या व्हिसा अर्जांवर डाग बसेल.

मात्र तुझा डी व्हिसा १० जानेवारीपर्यंत जिवंत आहे. तोवर तू शेंगेन देशांत फिरू शकतेस, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. म्हणजे नाताळच्या सुट्टीत जा! व्हिसा, पासपोर्ट, पावती, विद्यापीठाचं पत्र असं सगळं मूळ स्वरूपात जवळ ठेव. १० तारखेच्या चांगले चार दिवस आधी इटलीत परत ये, बर्फाने गाडी अडकली तरी हाताशी वेळ राहील.

फ्लोरेन्स देशातच आहे, ते केव्हाही कर. वेगवान गाडीने चाळीस मिनिटांत पोचशील, साध्या गाडीने वेळ लागतो पण पैसे वाचतात. छत्री कास्चिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला, मुन्योने जिथे आर्नोला मिळते तिथे. ट्रामने बागेपर्यंत जाता येतं, पुढे पाऊण तास चालणं. महाराज ३० नोव्हेंबर १८७० ला तिथे वारले, वय फक्त वीस. परक्या मुलखात, नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. मी कोल्हापूरचा नाही, तरी तिथे उभं राहिल्यावर गळा दाटून आला होता.

प्रतिसाद (वॉर्साहून)

तुझी आजी काय ऐकत होती ते वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. अगं, पोलिशमध्ये "जेंकुये" म्हणजे धन्यवाद. ती बाई दुधाबद्दल आभार मानत होती.

फलक इथे वॉर्सातच, इटलीतल्या मोंते कासीनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ आहे, जुन्या शहरातून चालत जाता येतं. डिसेंबरात येणार असशील तर दुपारी दोनच्या आत पोच, कारण साडेतीनलाच सूर्य मावळतो आणि फोटोत काही दिसणार नाही. २४ ते २६ डिसेंबर दुकानं बंद असतात, खाण्याची सोय आधीच करून ठेव. इथे युरो चालत नाही, झ्लॉटी लागतात.

तुझ्या विषयासाठी तर वॉर्साचं जुनं शहर बघायलाच हवं. १९४४ मध्ये ते जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं होतं. नंतर बेलोत्तो नावाच्या चित्रकाराची अठराव्या शतकातली चित्रं समोर ठेवून घरं पुन्हा उभारली, आणि १९८० मध्ये ते युनेस्कोच्या यादीत आलं. क्राकुव्हला एक दिवस दे, चौकात थांबून मारियाच्या चर्चवरची तुतारी ऐक. दर तासाला वाजते आणि मध्येच तुटते.

आणि एक. वळिवड्याच्या बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे यांच्यातले कितीतरी जण जनरल आंदर्स यांच्या पोलिश फौजेत होते. हीच फौज इटलीत लढली, मोंते कासीनो घेतलं आणि २१ एप्रिल १९४५ ला तुझ्या बोलोन्यात शिरली. तिच्यातले चौदाशेहून अधिक सैनिक बोलोन्याच्या पूर्वेला, सान लाझ्झारोच्या पोलिश दफनभूमीत आहेत. तिथे जायला तुला कुठलाच व्हिसा लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत बदलला. २७ डिसेंबरला निघते, ४ जानेवारीला परत. तिकिटं काढली.

काल सान लाझ्झारोला जाऊन आले. शहराच्या बसने गेले, एरवी याच रस्त्याने बाजारहाट करते. बाहेर विया एमिलिया या हमरस्त्यावरची वाहनं, आत दगडी थडग्यांच्या रांगा, आणि भर दुपारी मी एकटीच. कितीतरी थडग्यांवर एप्रिल १९४५ हाच महिना. युद्ध संपायला तेव्हा दोन-तीन आठवडेच उरले होते. यातल्या कोणाचं माणूस वळिवड्याला वाट बघत होतं, हे नावांवरून मला कळणं शक्य नव्हतं. तरी मी प्रत्येक रांगेतून सावकाश फिरले.

तिथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि शब्दाचा अर्थ सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती रोज म्हणायची गं. आणि मी एकदाही उलट काही बोलले नाही." मग फोन त्या दगडांकडे फिरवायला सांगितला आणि हळूहळू, एकेक अक्षर माझ्याकडून घोटून घेत, म्हणाली, "जेंकुये."

आता एकच विचारायचंय. वॉर्साला तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून न्यायचाय. वळिवड्यात वाढलेली कोणी मंडळी अजून तिथे भेटतात का, कोणाला ठाऊक असेल तर कळवा.