मदत हवी आहे: गल्लीत पाणी तुंबतं, पालिकेकडून काम नक्की कसं करून घ्यायचं? (पुणे)

वळचणीखाली:

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहिलंय, आधीच माफी मागते.

आम्ही सातारा रस्त्याच्या आतल्या बाजूला, पद्मावतीकडे राहतो. गल्लीचं नाव आणि आमचं क्षेत्रीय कार्यालय कुठलं ते मुद्दाम लिहीत नाहीये कारण त्याच साहेबांकडे परत जायचंय. गल्लीत चार जुन्या सोसायट्या, दोन बंगले आणि उताराच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला, एक छोटी वस्ती. मधे गल्ली काँक्रीटची झाली तेव्हा जुना डांबराचा थर खरवडलाच नाही, वरच ओतलं, त्यामुळे रस्ता वर आणि आमची गेटं खाली. आता जरा जोराचा वळीव आला तरी सगळं पाणी आमच्या पार्किंगमधे. तळमजल्यावरच्या काकू जून ते सप्टेंबर पिठाचा डबा, शिलाई मशीन, गॅस सिलिंडर सगळं विटांवर चढवून ठेवतात आणि पाहुणे आले की त्यांनाच हसायला येतं.

गंमत म्हणजे पावसाळी लाइन आहे हो गल्लीत! जाळीपण आहे. पण ती बसवलीये उंचवट्यावर, पाणी साठतं तिथून आठ-दहा पावलं वर, आणि काँक्रीट ओतताना निम्म्या जाळीवर स्लरी सांडून तशीच वाळलीये. उरलेल्या निम्म्या भोकांत दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि गुलमोहोराचा पाला. शिवाय वरच्या अंगाला कुणीतरी ड्रेनेज पावसाळी लाइनला जोडलंय असा दाट संशय आहे, कारण भर उन्हाळ्यात पण त्या जाळीतून वास येतो.

तक्रारी केल्यात, अ‍ॅपवर पण आणि लेखी पण. होतं काय की माणसं येतात, जाळी उचलतात, गाळ काढून कडेलाच ढीग घालतात, फोटो काढतात, आणि संध्याकाळी मेसेज येतो तक्रारीचे निराकरण झाले. पुढच्या पावसात तोच ढीग परत आत. कार्यालयात गेलं की म्हणतात मेन लाइन मलनिःसारण विभागाची, तिकडे गेलं की म्हणतात जाळ्यांची लेव्हल रस्तावाल्यांनी बघायला हवी होती. नगरसेवकांचं म्हणाल तर २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं कुणी नव्हतंच, प्रशासक होते, आता जानेवारीत निवडणूक झाली तर प्रभागात एक सोडून चार जण, आणि चौघंही फार गोड बोलतात.

२५ सप्टेंबर २०१९ ची आंबील ओढ्याच्या पुराची रात्र आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे आभाळ भरून आलं की म्हाताऱ्या माणसांची झोप उडते. अर्ज कुणाच्या नावाने करायचा, सह्या गोळा करून एकच द्यायचा की प्रत्येकाने वेगवेगळा, पेपरात देऊन काही होतं का, कुणी असं काम खरंच करून घेतलंय का? कृपया अनुभव सांगा.

कात्रजघाट:

म्हणजे दोन विभागांनी मिळून तुम्हाला माझंच नाव दाखवलंय म्हणा की.

एक उपाय, सगळ्या सोसायट्यांनी मिळून मिळकतकर थांबवा. बघा कशी धावत येतात माणसं.

मोगरा:

@कात्रजघाट अहो असले सल्ले देऊ नका, लोक खरंच करतात. थकलेल्या मिळकतकरावर महिन्याला २ टक्के शास्ती लागते आणि नोटीस सोसायटीला नाही, ज्याच्या त्याच्या घरी येते. शिवाय थकबाकीदार म्हणून एकदा नाव लागलं की समोरचा तुमच्या अर्जाऐवजी त्याच्यावरच बोलतो.

निवृत्त_अभियंता:

मी पुण्याच्या नाही, दुसऱ्या एका पालिकेत बांधकाम विभागात होतो, पण कारभार थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच.

ताई, तुमची तक्रार बंद करणारा माणूस त्याच्या हिशेबाने खोटं बोलत नाहीये. तुम्ही लिहिलंत पाणी तुंबतंय, ते गेलं देखभालीकडे. देखभालीच्या टोळीकडे पहार, फावडं, फार तर जेटिंगची गाडी, म्हणजे पाण्याच्या जोराने लाइन साफ करणारी. त्यांनी गाळ काढला, त्यांचं काम झालं. तुम्हाला हवीये जाळी सखल जागी, तिथून चेंबरपर्यंत नवीन पाइप, म्हणजे हे झालं नवीन काम. त्याला एस्टिमेट लागतं, तरतूद लागते, टेंडर लागतं, ते कुठल्याही अ‍ॅपवरून होत नाही. तुम्ही दहा वेळा तुंबल्याची तक्रार करा, दहा वेळा गाळच काढतील.

आधी गल्लीची रुंदी मोजा. पुण्यात साधारणपणे १२ मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि त्यावरचे मुख्य पथ विभागाकडे असतात. तुमच्या वर्णनावरून गल्ली अरुंदच वाटते, म्हणजे चेंडू क्षेत्रीय कार्यालयाकडेच आहे. अर्ज सहायक आयुक्तांच्या नावाने, प्रत उपअभियंत्याला आणि मलनिःसारण विभागाला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणि पाणी तुंबतं असं नुसतं सांगू नका, दाखवा. गवंड्याकडे लेव्हलची पारदर्शक नळी असते, तिच्यात पाणी भरायचं, एक टोक जाळीपाशी धरायचं आणि दुसरं गेटपाशी. दोन्हीकडे पाणी एका पातळीत आलं की जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जाळी किती वर बसलीये ते. टेपचा आकडा दिसेल असे दोन फोटो काढून अर्जाला लावा. इंजिनिअर माणूस आरड्याओरड्याला सरावलेला असतो, आकड्याला उत्तर द्यावं लागतं. जाळीची जागा चुकलीये हे एकदा कागदावर आलं की कोणी नाही म्हणू शकत नाही.

दहा_रुपयांचा_स्टँप:

वर काकांनी लाख मोलाचं सांगितलंय. त्यात माझी भर, काँक्रीटीकरणाचे कागद बघा. माहिती अधिकाराचा अर्ज करायच्या आधी सोमवारी दुपारी ३ ते ५ मधे जा, त्या वेळात नागरिकांना रेकॉर्ड बघता येतं, ही पद्धत पुण्यात आधी सुरू झाली आणि २०१८ मधे राज्य सरकारने बाकीच्या स्थानिक संस्थांनापण लागू केली. सोमवारी सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी. कार्यादेश, एस्टिमेट आणि मोजमाप पुस्तिका मागा. बघायचं काय, तर एस्टिमेटमधे जुना थर खरवडणे आणि जाळ्या बसवणे धरलं होतं का आणि त्याचं बिल निघालंय का. दोषदायित्व कालावधी पण तिथेच लिहिलेला असतो, तो संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, पालिकेला एक रुपया घालायची गरज नाही.

तिथे टोलवाटोलवी झाली तर मग माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, आपल्या राज्याचा तसा नियमच आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं की पहिलं अपील. "का केले नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर देत नाहीत, कागदाची प्रत मागा.

पर्वतीवरून:

एवढं कशाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांकडे लोकशाही दिन असतो, चारी सोसायट्यांचं मिळून सह्यांचं निवेदन तिथेच द्या. थेट वरून आदेश.

दहा_रुपयांचा_स्टँप:

@पर्वतीवरून तिथे सामूहिक निवेदन घेत नाहीत, तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. शिवाय अर्ज विहित नमुन्यात आणि १५ दिवस आधी द्यावा लागतो, त्या दिवशी फाइल काखेत मारून गेलात तर दारातूनच परत. पण यांच्या बाबतीत ते जमू शकतं, कारण तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात पाणी शिरतं ही त्यांची स्वतःची तक्रार आहे. त्यांनी एकटीने अर्ज करायचा. सह्यांचं निवेदन क्षेत्रीय कार्यालयात.

मोगरा:

कोथरूडला आमच्या सोसायटीसमोरच्या पदपथाचं काम आम्ही नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकातून करून घेतलंय, म्हणून सांगते. पुण्यात हे २००६ पासून आहे आणि अजून निम्म्या लोकांना पत्ता नाही. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज मागवतात, पेपरात जाहिरात येते, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो. एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा होती आमच्या वेळी, तुमची एक-दोन जाळ्या आणि थोडा पाइप त्यात बसायला हरकत नाही.

फक्त फॉर्म भरून घरी बसायचं नाही. अर्ज गेला की जेई (कनिष्ठ अभियंता) पाहणी करून एस्टिमेट काढतो, त्या वेळी तुमच्यातलं कुणीतरी तिथे उभं हवं, नाहीतर "जागेवर शक्य नाही" असा शेरा मारून मोकळे. चारही नगरसेवकांना प्रत द्या. चौघांना एकाच दिवशी, एकाच कागदावर पोच घेऊन, म्हणजे खालच्याला वरच्याची सही दिसते. याचा फार उपयोग होतो, का ते सांगायला नको.

मोहल्ला समितीची बैठक पण सोडू नका. तिथे प्रश्न विचारला की इतिवृत्तात येतो आणि पुढच्या महिन्यात काय झालं ते विचारता येतं. बायका जास्त आल्या तर जास्त ऐकतात, हा माझा अनुभव, कुणाला पटो न पटो.

ओढ्याकाठी:

मी गल्लीतला नाही पण त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला राहतो. सगळे सल्ले चांगले आहेत, एक विचारू का? तुमच्या गेटासमोरचं पाणी हलवलं की ते जाणार कुठे? उताराच्या टोकाला वस्ती आहे असं तुम्हीच लिहिलंय. पालिकेला सगळ्यात स्वस्त पडेल ते म्हणजे रस्त्याला जरा उतार देऊन पाणी खाली सोडून देणं. सोसायट्या खूश, फोटो छान, आणि खालच्यांच्या घरात कमरेएवढं. आमच्याकडे असंच झालं होतं. त्या लोकांच्या सह्या आहेत का तुमच्या अर्जावर?

वळचणीखाली:

@ओढ्याकाठी नाहीयेत अजून, कारण सह्याच अजून गोळा करायच्यात, पण मुद्दा अगदी बरोबर आहे. काल संध्याकाळी वस्तीतल्या दोघी-तिघींशी बोलले. त्यांचं म्हणणं, आम्हाला कोण विचारतंय, आमच्याकडे आत्ताच दर पावसात तुमच्या गल्लीचं पाणी येतं. त्यातल्या एका मावशींनी मला जे दाखवलं ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. वस्तीच्या तोंडाशी पावसाळी लाइनचं जुनं चेंबर आहे, त्याच्यावर काँक्रीट गेलंय, नुसती झाकणाची गोल कड दिसते. म्हणजे लाइन पुढे ओढ्यापर्यंत जात असणार, मधेच बुजलीये. त्या म्हणाल्या पूर्वी ते झाकण उघडून सफाई करायचे.

निवृत्त_अभियंता:

ताई, ही सगळ्यात मोठी बातमी आहे आणि तुम्ही शेवटी सांगताय! मग अर्जात पहिली मागणी ते चेंबर उघडून लाइन ओढ्यापर्यंत मोकळी आहे का ते तपासायची. दुसरी, जाळी सखल भागात. तिसरी, वरच्या बाजूचं ड्रेनेज कनेक्शन शोधून तोडायचं. क्रम बदलू नका, पहिलं न करता दुसरं केलंत तर ओढ्याकाठीसाहेब म्हणतात तेच होणार. आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ६३ टाका, गटारं बांधणं आणि साफ ठेवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. एका ओळीत टाका, अर्जाचा कोर्टाचा दावा करू नका.

कात्रजघाट:

करबंदीचा सल्ला मागे. पण पेपरात द्याच, बुजवलेल्या झाकणाचा फोटो भारी येईल.

वळचणीखाली:

@कात्रजघाट पेपरवाल्यांकडे आधी अर्ज देऊन, पोच घेऊन मगच जाणार, नाहीतर साहेब म्हणतील आमच्याकडे तर कुणी आलंच नाही.

तर ठरलंय असं. रविवारी सकाळी आमच्या वॉचमनचा भाऊ गवंडी आहे तो नळी घेऊन येतोय, वस्तीतल्या मावशी चेंबरची जागा दाखवतील. सोमवारी मी आणि तिसऱ्या सोसायटीतले काका ३ वाजता कागद बघायला. अर्ज एकच, वस्ती आणि चारही सोसायट्यांचा, सह्यांत वस्तीची नावं वर. काकूंचा लोकशाही दिनाचा अर्ज वेगळा.

एकच राहिलं, तो विहित नमुना क्षेत्रीय कार्यालयात मिळतो की शिवाजीनगरला मुख्य इमारतीतच जावं लागतं? काकूंचे गुडघे दुखतात, एका खेपेत झालं तर बरं.

पर्वतीवरून:

मंगळवारी माझी मुख्य इमारतीत चक्कर आहेच, विचारून दोन फॉर्म घेऊन ठेवतो. अरण्येश्वरापाशी राहतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणून देईन.