मदत हवी आहे: भयपटाच्या जाहिरातीसाठी केलेलं 'बेपत्ता' पोस्टर गावोगाव फिरतंय, आता काय करू?

मंडळी, नमस्कार.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याला. गणपतीत नाटक बसवणारी आमची दहा-बारा जणांची टोळी आहे. यंदा नाटकाऐवजी २६ मिनिटांची भुताची फिल्म केली, गोष्ट मी लिहिली. विहिरीकाठून येणाऱ्या हाकेची गोष्ट आहे. रात्री कुणी नावाने हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे माझी आज्जी अजून पाळते. बोली आमचीच ठेवलीय ("कोण हाक मारूलंय गं?"), आणि गावात जशी निम्मी बोलणी कन्नडमध्ये होतात तशी फिल्ममध्येही होतात. तीन आठवड्यांनी रविवारी बेळगावात टिळकवाडीला एका सभागृहात खेळ ठेवलाय.

जाहिरातीचं काम आमच्यातल्या एका मुलाने अंगावर घेतलं. त्याने आमच्या नायिकेचा फोटो, वर मोठ्या अक्षरात 'बेपत्ता', खाली 'शेवटची विहिरीजवळ दिसली' असं पोस्टर करून संध्याकाळी सातला स्टेटसला ठेवलं. फिल्मचं नाव कोपऱ्यात इतकं बारीक की दिसतच नाही. रात्री दहाला मुलीच्या मावशीचा निपाणीहून रडत फोन आला. मुलगी घरात जेवत बसली होती. पोस्टर लगेच काढलं, पण तोवर लोकांनी फोटो काढून पुढे पाठवला होता. काल तो नंदगडच्या एका गटात आला, आणि खाली कुणीतरी 'मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा' अशी ओळ जोडली होती.

ती ओळ वाचल्यापासून मला झोप नाही. २०१८ च्या जुलैमध्ये अशाच मेसेजमुळे बीदर जिल्ह्यात जमावाने एका तरुणाला मारलं. त्याच महिन्यात धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. आमच्याकडे भांडी विकणारे, वासुदेव, नंदीवाले अजून दारावर येतात. त्यांच्यातल्या कुणाला काही झालं तर?

ही कल्पना त्या मुलाची स्वतःची नव्हे. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'च्या वेळी कलाकार खरंच हरवल्याची पत्रकं वाटली होती आणि सगळं खरं घडल्यासारखी वेबसाइट केली होती. अगदी थोड्या पैशांतली ती फिल्म जगभर चालली. हे त्याने वाचलं होतं. पण 'ब्लेअर विच'मधल्या नायिकेच्या आईला त्या वेळी लोकांची सांत्वनाची कार्डं आली, हे त्याने वाचलं नव्हतं.

भयपट लोकांपर्यंत कसे नेतात ते मी या चार दिवसांत बरंच वाचलं. १९५८ मध्ये विल्यम कॅसल या निर्मात्याने 'मकाब्र' बघताना कुणी भीतीने मेलं तर हजार डॉलरचा विमा, अशी जाहिरात केली होती. १९६० मध्ये 'सायको'ला खेळ सुरू झाल्यावर कुणालाच आत घेत नव्हते. आपल्याकडे 'फूंक'च्या वेळी, २००८ मध्ये, राम गोपाल वर्मांनी थिएटरात एकट्याने फिल्म बघून दाखवणाऱ्याला पाच लाख जाहीर केले. या सगळ्यात घाबरवणं आहे, पण ज्याला घाबरवायचं त्याला ते ठाऊक आहे आणि तो हौसेने आलाय. निपाणीच्या मावशीने तिकीट काढलं नव्हतं. मला हा फरक फार मोठा वाटतो, आणि आमच्या मुलाला तो पटवताना भांडण झालं. त्याचं म्हणणं, "नाहीतर आपली फिल्म बघायला येणार कोण?"

तेही खोटं नाही. इथे मराठी पिक्चर लागला तर एखादाच खेळ असतो, तोही अडनिड्या वेळेला. नाहीतर कोल्हापूर गाठा, किंवा मोबाइलवर यायची वाट बघा. 'लपाछपी' २०१७ ची, मी ती थिएटरात बघूच शकले नाही. २०२१ मध्ये तिची हिंदी 'छोरी' थेट प्राइमवर आली तेव्हा घरबसल्या बघितली. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला आणि गेला, लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो मोठा केला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. आमच्या हातात सहा वर्षं नाहीत, एक रविवार आहे.

माझ्या मनात आहे ते असं. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'च्या ट्रेलरमध्ये अंधारात बसलेल्या प्रेक्षकांचेच दचकलेले चेहरे दाखवले होते. आधी गावातल्या वीसेक जणांना फिल्म दाखवून, त्यांना विचारून, त्यांचे चेहरे चित्रित करावेत. आमच्या आज्जीचा एक चेहरा शंभर पोस्टरांना भारी आहे. हे कुणी केलंय का? अंधारात साध्या मोबाइलने जमेल का?

सर्टिफिकेटचंही विचारायचं आहे. सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, आणि २०२४ पासून यूए (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या फिल्मचं) मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांच्या पायऱ्या आहेत. एवढ्या छोट्या फिल्मला ते मिळायला तुमच्यापैकी कुणाला किती दिवस लागले? ए (फक्त प्रौढांसाठीचं) मिळालं तर अकरावी-बारावीची पोरं येऊ शकणार नाहीत, आणि आम्ही फिल्म त्यांच्यासाठीच केलीय. खेळ दुपारी तीनचा ठेवलाय, कारण बायकांना आणि मुलींना शेवटच्या बसच्या आत घरी पोचायचं असतं. भुताची फिल्म दुपारी दाखवली तर रंगत जाते असं सगळे म्हणतात, पण मी वेळ बदलणार नाही.

भर, रात्री साडेनऊ: खाली दोघांनी पोलीस ठाण्यात कळवा म्हणून सांगितलं, आभारी आहे. मी, ती मुलगी, तिचे वडील आणि पोस्टर करणारा मुलगा, चौघं जाऊन लेखी देऊन आलो. आता मुलगी स्वतः बोलतेय असा व्हिडिओ उद्या त्याच गटांत टाकणार आहोत, मराठीत आणि कन्नडमध्ये. तिने कन्नड वाक्य लिहिलंय, 'हुडुगी मनेयल्ली सुरक्षितवागिद्दाळे', म्हणजे मुलगी घरी सुखरूप आहे. आमचा कॅमेरावाला म्हणतो हे बातम्यांतलं कन्नड झालं, 'मन्याग आराम अदाळ' म्हटलं तरच गावातली माणसं थांबून ऐकतील. बैलहोंगल, कित्तूर भागातलं कुणी इथे असेल तर सकाळच्या आत सांगा, यातलं कुठलं ठेवू?