घरी बनवलेले बैठे खेळ : पट, फासे आणि भांडणं (अनुभव धागा)

ठाणे-नवी मुंबईकडच्या मंडळींनो, हा धागा खास तुमच्यासाठी. मे महिना लागला की माळ्यावरून सापशिडी, लुडो, व्यापार खाली येतात आणि आठवड्याभरात पोरांना कंटाळा येतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "आपणच एक बनवू या की!" बहुतेकांचं प्रकरण तिथेच थांबतं. ज्यांचं पुढे गेलं, त्यांनी इथे लिहा.

ही काही नवी टूम नाही. सापशिडीच्या आधीचे मोक्षपट हातानेच रंगवलेले असत. आपला व्यापार ज्या मोनोपॉलीवरून आला, तिची मुळं एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईच्या खेळात आहेत. १९०४ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. जमीन मूठभरांच्या हातात गेली की बाकीचे कसे भिकेला लागतात, हे दाखवायला तिने तो खेळ केला होता. लोकांना मात्र दुसऱ्याला भिकेला लावण्यातच मजा आली!

काय बनवलं, कशाचं बनवलं ते सांगाच, पण कुठला नियम काढून टाकावा लागला तेही सांगा. नवे नियम घालायला सगळ्यांनाच सुचतं. खरी अक्कल काढताना लागते, असं माझं मत आहे. वाद घालायचा असेल तर स्वागत आहे.

ऐरोलीचा चाकरमानी

आमच्या खेळाचं नाव 'ट्रान्सहार्बर'. मी रोज ऐरोली ते नेरूळ करतो, त्यामुळे विषय शोधत बसावं लागलं नाही. पट म्हणजे रुळांचा नकाशा. ठाण्यापासून दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तिथे फाटा फुटतो. एक फाटा सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगर, नेरूळ करत पनवेलला. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते, कुठल्या स्टेशनावर पोचायचं त्याची. ती लपवून ठेवायची.

सुरुवातीला दोन फासे टाकून घरं मोजायचो. दोन फाशांत सात सर्वांत जास्त वेळा पडतात, छत्तीसपैकी सहा शक्यता सातच्याच. आता ठाण्यापासून सातवं स्टेशन मोजा: सानपाडा नाहीतर जुईनगर. म्हणजे तुर्भ्याला उतरून गाडी बदलायची की नाही, ही खेळातली एकुलती एक डोकं चालवायची जागा, आणि निम्मे लोक पहिल्याच दानात ती ओलांडून पुढे. धाकटीने तर वेगळाच प्रश्न काढला, "बाबा, तुम्ही स्टेशनवर फासा टाकता का?"

फासे गेले. आता हातात तीन पत्ते असतात: वाशी लोकल, नेरूळ लोकल, पनवेल लोकल वगैरे. पत्ता खाली टाकला की ती गाडी सगळ्यांसाठी सुटते, ज्याला चढायचं त्याने चढावं. मी माझ्या सोयीची गाडी काढली की समोरच्याचंही आयतं काम होतं, हे लक्षात आल्यावर मुलं जी विचार करायला लागली! थोरला आता आपला पत्ता शेवटपर्यंत दाबून ठेवतो आणि दुसऱ्याच्या गाडीने फुकट जातो. तिकीट कोणीच काढत नाही, हा नियम मात्र घालायचा राहिलाय.

मेगाब्लॉकचा पत्ता सर्वांत लाडका. पण ज्याच्यावर तो पडायचा तो एक डाव नुसता बसून राही, आणि बसलेलं पोर सरळ मोबाईल उघडे. म्हणून आता ब्लॉकमध्ये अडकलेल्याला एक 'रिक्षा'चा पत्ता मिळतो. पुढे कधीही एक स्टेशन उडी मारता येते. अडकणाऱ्यालाही काहीतरी करायला मिळालं की पोर जागचं हलत नाही.

कळव्याहून

चाकरमानी, तुमचा पट कशावर आहे? आम्ही ड्रॉइंग पेपर पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवला. सकाळी बघतो तर पट होडीसारखा दोन्हीकडून वर! वजनाखाली ठेवून दाबला, तरी पुन्हा तेच.

वागळे इस्टेटचा छपाईवाला

मी उत्तर देतो, धंदाच आहे. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. नुसत्या वजनाने ते जात नाही. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद, त्याच गोंदाने, त्याच बैठकीत लावा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पट सपाट राहतो. मग रात्रभर वजन. पुठ्ठा दोन मिलिमीटरचा करडा घ्या, बाईंडिंगवाल्यांकडे मिळतो. घडीचा पट हवा असेल तर आधी पुठ्ठा मधोमध कापा, दोन तुकड्यांत थोडी फट ठेवा आणि वहीच्या पाठीला लावतात ती कापडी पट्टी लावा. अखंड पुठ्ठा वाकवून घडी घालू नका, चार दिवसांत तिथेच फाटतो.

पत्त्यांचं सांगतो. नेहमीचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. ए-फोर कागदावर बरोबर नऊ बसतात, तीन आडवे, तीन उभे. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड सांगा. रंग कडेपर्यंत हवा असेल तर चित्र चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर जास्तीचं काढा, आणि मग एका ए-फोरवर नऊच्या जागी कमी बसतील हे धरून चाला. आणि पत्त्याच्या पाठीवर चौकट अजिबात काढू नका. पाठपोट छापताना कागद मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतोच. चौकट असली की प्रत्येक पत्त्याची पाठ वेगळी दिसते आणि दहा वर्षांचं पोरही पाठीवरून पत्ता ओळखतं. पाठीवर नुसती नक्षी भरा, सरकलेलं कळत नाही.

पण हे सगळं खेळ पक्का झाल्यावर! माझ्याकडे लोक चकचकीत पत्ते छापून नेतात आणि पंधरा दिवसांनी "आकडे बदलायचेत" म्हणत परत येतात. माझं काय जातं म्हणा. तरी सांगतो, आधी पेन्सिलने चिठोऱ्यांवर लिहा. जुन्या कॅटमधला एकेक पत्ता आणि चिठोरं प्लास्टिकच्या पाकिटात एकत्र सरकवा. पत्ता पिसता येतो, चिठोरं कधीही बदलता येतं.

कोपरखैरण्याची आजी

मी पुठ्ठा-बिठ्ठा काही केला नाही. जुन्या चादरीच्या चांगल्या भागावर फॅब्रिक पेंटने अष्टाचंगचा पट काढला. पाच बाय पाच, पंचवीस घरं. बाहेरची सोळा घरं एका दिशेने फिरायची, मग आतली आठ उलट्या दिशेने, शेवटी मधलं घर. चार कवड्या टाकायच्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. सोंगट्या म्हणून ब्लाउजची बटणं.

नातू अकरावीला आहे. तो म्हणाला, "आजी, आठ आणि चार सारखेच दुर्मीळ असायला हवेत. सोळात एक आठ, एक चार, एक आणि तीन चार-चार वेळा, दोन सहा वेळा." मी म्हटलं, बाळा, ते नाण्याचं. कवडीला पोट असतं आणि पाठ असते, ती तिच्या मर्जीने पडते. मग बसला टाकत आणि वहीत रेघा मारत. आमच्या कवड्यांचं गणित त्याच्या पुस्तकाशी जुळलं नाहीच. शेवटी त्याने अर्धे केलेले चिंचोके घासून आणले. तर तेही प्रत्येकी निराळे! आता पट एक आहे, पण कवड्यांचा डाव आणि चिंचोक्यांचा डाव वेगळा धरतो. चिंचोक्यांवर आठ पडलं की दोनदा खेळायला मिळतं, हा त्याने घातलेला नियम.

दुसरी गोष्ट भांडणाची. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही, असं माझ्या माहेरी. सासरी तसं काही नव्हतं. दोन्हीकडचे नातेवाईक एका पटावर बसले की काय होतं ते मी सांगायला नको. म्हणून पटाच्या काठावर नियम टाक्याने भरून टाकले. लाल दोऱ्यात. आता कोणी आवाज चढवला की मी नुसतं बोट दाखवते.

घोडबंदर रोडवरून

आमचा 'येऊरची मोहीम' अडीच तास चालला. नवरा झोपला, मुलगा जिंकला, आणि जिंकल्याचं सांगायला नवऱ्याला उठवावं लागलं. नकाशा कापून अर्धा केलाय. याहून लिहिण्यासारखं काही नाही.

सीवूड्सची बाई (शाळेत शिकवते)

पाचवीच्या मुलांसाठी फ्लेमिंगोंचा खेळ केला. इथे सगळे एका बाजूला आणि भरती-ओहोटी दुसऱ्या बाजूला. आमच्याकडे हे रोज खिडकीतून दिसतं: ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडला की पक्षी तिथे शेवाळ खातात, भरती आली की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. खेळाचा पट तोच. चिखलाची घरं आणि तलावाची घरं. मधे एक पट्टी सरकते, तिच्यावर पाणी चढतं, उतरतं. भरती यायच्या आत सगळा थवा खाऊन तलावावर पोचवायचा. तलावाचं एखादं घर भरावाच्या पत्त्याने कायमचं बंद होतं. मग थव्याला दाटीवाटी, आणि मुलं खरंच हळहळतात. खाडी २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, हे मी शिकवून कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. 'अभयारण्य' पत्त्याने भराव अडतो म्हटल्यावर सगळ्यांना पाठ. खेळात तो पत्ता फक्त खाडीवर चालतो, तलावावर चालत नाही. "असं का?" हा प्रश्न मुलांनीच विचारला. तासाचा उरलेला वेळ त्यातच गेला आणि मला ते चाललं.

अडचण आली ती हुशार मुलाची. सगळे एका बाजूचे म्हटल्यावर एकच जण सगळ्यांना हुकूम सोडतो: तू इकडे जा, तू तो पत्ता टाक. बाकीची चार डोकी प्यादी! मोठ्यांतही हेच होतं, बघा कधीतरी. उपाय सोपा निघाला. प्रत्येकाने आपले पत्ते लपवायचे आणि पत्त्यावरचा आकडा तोंडाने सांगायचा नाही. "माझ्याकडे बरं आहे", "माझं काही खरं नाही" एवढंच बोलायचं. दादागिरी संपली, कारण दादाला काही दिसतच नाही.

वर्गात एका मुलाला लाल-हिरवं वेगळं कळत नाही, म्हणून थव्यांना रंगाबरोबर आकारही दिले: गोल, त्रिकोण, फुली. सोंगट्या बनवणाऱ्यांनी हे पहिल्यापासूनच करावं, पैसा लागत नाही.

घंटाळीचा संशयात्मा

वाचून मजा आली, पण एवढा खटाटोप कशाला? दुकानात चांगले खेळ मिळतात, नियमही छापलेले असतात.

वाशीचा माजी सचिव

संशयात्मा, दुकानात 'सोसायटीची सभा' मिळते का? आम्ही केला. पात्रं: सचिव, खजिनदार, वरच्या मजल्यावरचे, तळमजल्यावरचे, आणि भाडेकरू ठेवून स्वतः कधीच न येणारा मालक. विषय पत्रिकेचे पत्ते: गळती, पार्किंग, टाकी धुणे, लिफ्ट, पुनर्विकास. प्रत्येक विषयावर मत द्यायचं, आणि मतं आपसांत विकत घेता येतात. वरच्या मजल्याला गळतीवर खर्च हवा, तळमजल्याला लिफ्टचा एक रुपया द्यायचा नाही. फार बनवावं लागलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पहिल्या रूपात थकबाकी वाढली की माणूस खेळाबाहेर जायचा. तो बाहेर बसून जे टोमणे मारायचा त्याने खेळ बंद पडायची वेळ आली. आता थकबाकीदाराचं मत जातं, तोंड चालू राहतं. खऱ्या सभेतही तोंड चालूच असतं.

नियम लिहिले दोन पानं. मग शेजारच्या कुटुंबाला डबा दिला, म्हटलं मी काही बोलणार नाही, खेळा. तोंडावर हात ठेवून बसणं किती अवघड असतं ते तेव्हा कळतं. काकांनी पहिलं पान न वाचताच उलटलं आणि थेट पत्ते वाटले. काकूंनी वाचलं, पण 'ठराव मांडणाऱ्याने' कुठून सुरुवात करायची ते पानभर शोधत राहिल्या. ते वाक्य होतं, तिसऱ्या परिच्छेदात. आता पहिल्याच ओळीत आहे: आधी काय मांडायचं, कोणी सुरू करायचं, कशाने जिंकायचं. बाकीचं नंतर.

ऐरोलीचा चाकरमानी

सचिवसाहेब, पुनर्विकासाचे पत्ते किती ठेवलेत? आमच्याकडे मेगाब्लॉक जास्त झाले की मुलं कंटाळतात.

वाशीचा माजी सचिव

एकच. तो पिसताना आपोआप तळाला जातो, असा आमच्या बिल्डिंगचा अनुभव आहे. पण खेळात वरून पाचच्या आत घुसवा, नाहीतर मतं विकत घ्यायला कोणाला कारणच उरत नाही.