पाणी आणि आत्मा: ही सांगड ख्रिस्ती की मुळात यहुदी?

औदुंबर (धागाकर्ता)

यहुदी धर्मातले पाणी शरीर शुद्ध करते आणि ख्रिस्ती धर्मातले पाणी माणसाला नवा आत्मा देते, अशी सोयीस्कर वाटणी धर्मांच्या तुलनेत नेहमी ऐकू येते. तिचा आधार म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातला तिसरा अध्याय दाखवला जातो. रात्रीच्या वेळी भेटायला आलेल्या निकदेम या परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या, पुढाऱ्याला येशू तिथे सांगतो, की पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्यावाचून कोणालाही देवाच्या राज्यात प्रवेश नाही. निकदेम गोंधळतो, आणि त्या गोंधळावरून वाचक असा निष्कर्ष काढतात की ही कल्पना यहुद्यांना परकी असावी. मला तो निष्कर्ष मान्य नाही. पाण्याची आणि आत्म्याची सांगड यहुद्यांनीच घातली, आणि तीही मंदिराच्या वेदीवर, असे माझे म्हणणे आहे.

यरुशलेमच्या मंदिरात मांडवांच्या सणाच्या सातही दिवसांत होणारा एक विधी मिश्नाने, म्हणजे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथाने, बारकाईने वर्णन केला आहे. तीन लोग मापाची सोन्याची झारी शिलोहाच्या तळ्यावर भरून आणत. ती जलद्वाराशी पोहोचली की शिंगे फुंकली जात. याजक उतरणीवरून वेदीवर चढून डावीकडे वळत असे, आणि तिथे रुप्याची दोन भांडी असत, एक पाण्याचे व एक द्राक्षारसाचे. त्यांच्या बुडाच्या भोकांपैकी एक रुंद आणि एक अरुंद ठेवलेले असे, जेणेकरून दोन्ही धारा एकाच वेळी संपाव्यात. पाणी ओतणाऱ्याला लोक ओरडून ‘हात वर कर’ असे सांगत, कारण पूर्वी एकाने ते वेदीवर न ओतता स्वतःच्या पायांवर ओतले होते आणि चिडलेल्या जमावाने त्याला सणाच्या विधीसाठी हातात धरलेल्या महाळुंगांनी झोडपले होते. ज्याने हा पाणी काढण्याचा आनंदसोहळा पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असे मिश्ना म्हणते. या सोहळ्याच्या स्थानाला ‘काढण्याचे ठिकाण’ का म्हणतात, याचे उत्तर यरुशलेमी तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा नंतरचा ग्रंथ, असे देतो, की तिथून पवित्र आत्मा काढला जात असे. योना संदेष्टा याच सणाला आलेल्या यात्रेकरूंपैकी एक होता व या उत्सवातच त्याच्यावर आत्मा उतरला, अशी पुस्तीही तिथे जोडलेली आहे.

आता योहानाचा सातवा अध्याय पाहावा. सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो, की कोणाला तहान लागली असेल तर त्याने माझ्याकडे येऊन प्यावे. आणि शुभवर्तमानकार लगेच खुलासा करतो की हे तो आत्म्याविषयी बोलला. सोन्याच्या झारीतले पाणी ज्यांनी आठवडाभर पाहिले होते त्यांच्यापुढे हे वाक्य उच्चारले गेले. त्यात परके काय होते?

वसईकर

विधीचे वर्णन उत्तम आहे, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे. प्रतीक सारखे असल्याने त्याचे कार्य सारखे ठरत नाही.

आमच्या चर्चमध्ये पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत जुन्या करारातली जी वाचने नेमलेली आहेत, त्यांतले सातवे यहेज्केल संदेष्ट्याच्या ३६ व्या अध्यायातले असते: ‘मी तुमच्यावर शुद्ध पाणी शिंपडीन’ आणि त्यालाच लागून ‘मी तुमच्या ठायी नवा आत्मा घालीन’. तेव्हा ही सांगड संदेष्ट्यांची आहे हे आम्ही नाकारत नाही. ती दर वर्षी मोठ्याने वाचतो. पण त्यानंतर याजक बाप्तिस्म्याच्या पाण्यावर जी प्रार्थना म्हणतो, तिच्यात सृष्टीच्या आरंभीचे जल, जलप्रलय, तांबड्या समुद्रातून काढलेली वाट, यार्देन आणि क्रुसावर येशूच्या कुशीतून निघालेले रक्त व पाणी, अशी सगळी साखळी येते. मग पेटलेली मोठी मेणबत्ती पाण्यात उतरवून पवित्र आत्म्याचे सामर्थ्य या कुंडात उतरावे, अशी विनवणी केली जाते. म्हणजे पाण्याला इथे काहीतरी *होते*. इ. स. २०० च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्म्यावर लिहिताना हेच मांडले आहे, की आरंभी ज्या जलावर आत्मा तळपत होता त्या जलजातीलाच पावित्र्य लाभले, आणि म्हणून आवाहनानंतर कोणतेही पाणी पवित्र करण्याचे सामर्थ्य धारण करते. यहुदी स्नान महिन्याला करता येते, रोजही करता येते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, कारण जन्म एकदाच होतो. हा फरक धाग्यात कुठेच आलेला नाही.

पुराभिलेख

माझा आक्षेप कालक्रमाचा आहे. औदुंबर यांनी ज्या यरुशलेमी तालमूदावर भिस्त ठेवली आहे, त्याचे संकलन इ. स. ४०० च्या आसपासचे मानले जाते. मंदिर इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झाले आणि योहानाचे शुभवर्तमान पहिल्या शतकाच्या अखेरीचे. मंदिर पडून तीन शतके उलटल्यावर नोंदवलेले स्पष्टीकरण येशूच्या श्रोत्यांच्या मनात होतेच, असे कसे म्हणता येईल? उपलब्ध लिखाणाच्या क्रमाने पाहिले तर या सणाचे पाणी म्हणजे आत्मा, असे सांगणारा योहान आधी आहे आणि तालमूद नंतर.

जुना थर पाहिला तर हा विधी पावसासाठीच आहे, असे दिसते. सणात जगाचा पाण्याविषयी न्याय होतो, असे मिश्नाच म्हणते, आणि वर्षाचा पाऊस आशीर्वादित व्हावा म्हणून माझ्यापुढे पाणी ओता, हा देवाचा आदेशही यहुदी परंपरेत सांगितला आहे. हा सण बहुधा कोजागिरीच्या सुमारास येतो. आपल्याकडे तेव्हा पाऊस परतीला लागलेला असतो, तिकडे मात्र कोरडा उन्हाळा संपून पहिल्या सरींची वाट पाहणे सुरू असते. टाक्यांचा तळ दिसू लागलेल्या डोंगरी शहरात वेदीवर पाणी ओतण्याचा अर्थ लावायला आत्म्याची गरज पडत नाही.

औदुंबर

पुराभिलेख यांचा मुद्दा रास्त आहे, पण तो तालमुदापुरता. पाण्याची व आत्म्याची सांगड त्याहून कितीतरी जुनी असल्याचा लेखी पुरावा मृत समुद्राकाठी मिळालेला आहे. कुमरानच्या गुहांतून १९४७ मध्ये बाहेर आलेल्या पहिल्या गुंडाळ्यांत तिथल्या पंथाची नियमावली होती, आणि तिची ती प्रत इ. स. पूर्व १०० च्या आसपासची समजली जाते. जो देवाचे नियम मनापासून स्वीकारत नाही तो समुद्रांनी आणि नद्यांनीही शुद्ध होणार नाही, असे ती बजावते. माणसाचे अपराध पवित्र आत्म्याने धुतले जातात आणि त्याचे शरीर पाण्याने शुद्ध होते, हे ती एकाच दमात सांगते. पुढे शेवटच्या काळाविषयी बोलताना देव सत्याचा आत्मा शुद्धीच्या पाण्यासारखा माणसावर शिंपडील, असे वाक्य आहे. हे लिहिणारे कट्टर यहुदी होते आणि येशूचा जन्म व्हायला तेव्हा अवकाश होता.

पाऊस की आत्मा, हा पर्यायच मला पटत नाही. यशयाच्या ४४ व्या अध्यायात देव म्हणतो की मी तहानेल्या भूमीवर पाणी ओतीन आणि तुझ्या संततीवर माझा आत्मा ओतीन. पाऊस ही त्या शेतकरी समाजाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी देणगी होती. आत्म्याचे दान समजावून सांगताना संदेष्टा दुसरे काय वापरणार?

नवगाव

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातला, आहे आणि इथवरची चर्चा वाचून मला थोडी गंमत वाटते आहे. औदुंबर आमची बाजू घेतात, पण मोजपट्टी योहानाचीच वापरतात. यहुदी पाण्यात आत्मा सापडला तर ते पाणी थोर, नाही सापडला तर केवळ आंघोळ, असे गृहीत धरून सगळा वाद चालला आहे.

मिकवेचे, म्हणजे आमच्या स्नानकुंडाचे, नियम पाहा. त्यात किमान ४० सआ (जुने यहुदी माप) पाणी हवे, ते पावसाचे किंवा झऱ्याचे असावे, आणि घागरीने ओतून भरलेले कुंड चालत नाही. पाणी कितीही स्वच्छ असले तरी हा नियम बदलत नाही, त्यामुळे हा अंग धुण्याचा प्रकार नाही हे उघड आहे. वसईकर म्हणतात तशी एखादी शक्तीही पाण्यात उतरत नाही. प्रेताचा विटाळ घालवणाऱ्या, लाल कालवडीच्या राखेच्या पाण्याविषयी शिष्यांनी विचारले तेव्हा रब्बी (यहुदी धर्मगुरू) योहानान बेन झक्काई म्हणाले, की प्रेत विटाळत नाही आणि पाणी शुद्ध करत नाही, ही राजाधिराजाची आज्ञा आहे. यहुदी धर्मपंडित मैमोनिडीस यांनी बाराव्या शतकात आपल्या धर्मसंहितेत मिकवेच्या नियमांचा शेवट करताना हाच धागा पुढे नेला आहे: अशुद्धता हा पाण्याने निघणारा चिखल नव्हे, हे शास्त्राचे फर्मान आहे व ते मनाच्या निश्चयावर अवलंबून आहे. मग त्याच परिच्छेदात, दुष्ट विचारांपासून शुद्ध होऊ पाहणाऱ्याने आपला जीव ज्ञानाच्या पाण्यात बुडवावा, असे सांगून ते यहेज्केलाचे तेच ‘शुद्ध पाणी’ उद्धृत करतात. वसईच्या चर्चमध्ये जे वचन बाप्तिस्म्याकडे नेते, ते इथे ज्ञानाकडे नेते. रब्बी अकिवा तर मिश्नात हे वचन प्रायश्चित्ताच्या दिवसाला लावतात आणि म्हणतात, इस्राएलाला शुद्ध करणारे कुंड म्हणजे स्वतः देव.

पावसाला हलके लेखणेही मला पटत नाही. आम्ही प्रार्थनेत ‘वारा वाहवणारा आणि पाऊस पाडणारा’ असे देवाला म्हणतो, आणि ते शब्द मिश्नाने मुद्दाम मृतांना उठवणाऱ्या देवाच्या आशीर्वचनात ठेवायला सांगितले आहेत. पाऊस आणि पुनरुत्थान एकाच वाक्यसमूहात बसतात. यापलीकडे आत्म्याचा शिक्का कशाला हवा?

भिंगारकर

वसईकरांच्या ‘पाण्याला काहीतरी होते’ या विधानाला ख्रिस्ती बाजूनेच हरकत नोंदवतो. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पाणी आणि आत्मा किती वेळा वेगळे पडतात ते पाहावे. आठव्या अध्यायात शोमरोनातल्या लोकांचा बाप्तिस्मा झालेला असतो, पण प्रेषितांनी हात ठेवीपर्यंत आत्मा येत नाही. दहाव्या अध्यायात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पेत्र अजून बोलतच असतो, तोच आत्मा उतरतो, तेही कोणी पाण्याला हात लावण्याआधी. क्वेकर आणि सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथांनी पाण्याचा विधी बाजूला ठेवला तो काही अज्ञानाने नव्हे.

आपल्याकडेही हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी घरदार दुरावणे सोसले. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन ‘देवाचा दरबार’ उभारला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. पाण्याची किंमत स्वतः चुकवलेल्या माणसाने दुसऱ्यासाठी दारात पाण्याची अट ठेवली नाही, याला मी मोठी साक्ष मानतो.

वसईकर

भिंगारकरांनी कर्नेल्याची गोष्ट अर्ध्यावर सोडली आहे. आत्मा उतरल्यावर पेत्र लगेच विचारतो, की आपल्याप्रमाणे ज्यांना आत्मा मिळाला त्यांना पाण्याची मनाई कोण करील? आत्मा आधीच आलेला असूनही त्यांना पाणी दिले जाते. पाणी अनावश्यक असते तर ती ओळ लिहिलीच गेली नसती. रेव्हरंड टिळकांविषयी मलाही आदर आहे, पण दरबार दोन वर्षांचा होण्याच्या सुमारास १९१९ मध्ये ते गेले. पुढे त्यांनी काय नियम केले असते, हे त्या प्रयोगावरून ठरवता येत नाही.

नवगाव यांचा मुद्दा मला अधिक जड वाटतो. आज्ञा म्हणून पाळलेले स्नान आणि कृपा म्हणून मिळालेले स्नान, हा भेद राहणारच. पण पहिल्याला ‘केवळ बाह्य’ म्हणण्याची सवय आमच्या धर्मशिक्षणातून जायला हवी, हे मान्य.

पुराभिलेख

कुमरानचा दाखला मी स्वीकारतो, मात्र एका अटीवर. तो एका फटकून राहिलेल्या पंथाचा आहे, आणि मंदिरातल्या विधीविषयी त्यावरून काही सिद्ध होत नाही. औदुंबर यांचे मूळ विधान ‘वेदीवर सांगड घातली’ असे होते. ते अजून अधांतरीच आहे.

दोन्ही परंपरा शेजारी पाहायच्या असतील तर सीरियातल्या फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावाकडे जावे लागते. तिथे तिसऱ्या शतकात, गावाच्या पश्चिम तटाला लागून, एक सभास्थान आणि एक ख्रिस्ती प्रार्थनाघर होते. इ. स. २५६ च्या वेढ्यात तट भक्कम करण्यासाठी दोन्हींत माती भरली गेली, म्हणून चित्रे टिकली. सभास्थानाच्या भिंतीवर यहेज्केलाच्या दरीतली हाडे देवाच्या आत्म्याने उठताना दाखवली आहेत, आणि दुसऱ्या चित्रात मोशेजवळच्या विहिरीतून निघालेले १२ प्रवाह १२ वंशांच्या तंबूंकडे जातात. ख्रिस्ती घरातल्या बाप्तिस्म्याच्या खोलीत विहिरीशी वाकलेली एक स्त्री आहे.

नवगाव

आणि त्या सभास्थानात पाणी एका चित्रात व आत्मा दुसऱ्या चित्रात आहे, हे ध्यानात घ्यावे. रंगवणाऱ्यांना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, जागाही भरपूर होती, तरी त्यांनी त्या एकाच चौकटीत आणल्या नाहीत. विहिरीवरच्या त्या स्त्रीविषयी मात्र अभ्यासकांचेच एकमत नाही. बहुतेक जण तिला योहानातली शोमरोनी स्त्री मानतात, तर काहींच्या मते ती देवदूताचा निरोप ऐकणारी मरीया आहे. तिच्यावर कोणी निष्कर्ष उभारणार असेल तर ती कोण, हे त्याने आधी सांगावे.